दहा खुर्च्यांचं टेबल

माझ्या आईला फिकट रंग आवडत नाहीत. फिकट म्हणजे धुऊन धुऊन विटलेलं, असं तिचं म्हणणं, आणि विटलेले कपडे तिने लहानपणी पुष्कळ घातले, तेही लोकांनी दिलेले. त्यामुळे दिलसुखनगरला मेन रोडच्या मागे तिसऱ्या मजल्यावर पप्पांनी फ्लॅट घेतला, तेव्हा पांढऱ्याफेक भिंती बघून ती म्हणाली, "हे तर दवाखान्यावानी झालंय." पप्पांना वाटलं होतं ती आनंदाने रडेल. तिने सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारली आणि रंगाचं दुकान कुठे आहे ते विचारायला लागली.

आम्ही मूळचे नांदेडकडचे, बौद्ध. आजोबा बांधकामावर मजुरीला हैदराबादला आले, पप्पा इथल्याच सरकारी शाळेत शिकले आणि राज्य सरकारच्या नोकरीला लागले. तोवर आमचं सगळं आयुष्य भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं होतं, जिथे भिंतीला खिळा मारायचा तरी मालकाला विचारावं लागे. मी नुकती एका कोचिंग सेंटरमध्ये गणित शिकवायला लागले होते आणि माझं डोकं आजच्याइतकंच चटकन तापायचं.

पप्पांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी मुलीने इंटिरियरचा कोर्स केला होता. तिला बोलावलं. ती मोठमोठी पुस्तकं घेऊन आली, कागदांचे, कापडांचे, लाकडाचे नमुने घेऊन आली, आणि आईला ती फारच आवडली, कारण तीही आईसारखीच भडक रंगांवर जीव टाकणारी निघाली. ती म्हणाली, घरात एक स्टेटमेंट पीस पाहिजे. आईने विचारलं, म्हणजे काय? ती म्हणाली, माणूस दारात आला की ज्या एका वस्तूवर त्याची नजर जाते आणि तो आत ओढला जातो, ती वस्तू. आईने समोरचं नमुन्यांचं पुस्तक मिटलं. तेव्हा मला कळलं नाही, पण ती त्याच क्षणी त्या वस्तूचा विचार करायला लागली होती.

डिझायनर बाईंची स्वतःची सूचना अशी होती की बुद्धाचं मोठं सोनेरी मस्तक आणायचं, त्यावरून पाणी झिरपतं असं, आणि ते दाराजवळ चपलांच्या कपाटावर ठेवायचं. आजकाल सगळे ठेवतात म्हणाली. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. आई मात्र शांतपणे म्हणाली, "ताई, ते आमच्याकडं सजावटीला नसतेत. ते आमच्या घरचे हैत." बिचारी गोरीमोरी झाली. मग तिने हॉलमधल्या दोन तसबिरी, एक बुद्धाची आणि एक निळ्या कोटातली, आतल्या खोलीत नेता येतील का असं चाचरत विचारलं, म्हणजे भिंतीला मोठी नक्षी देता येईल. आई म्हणाली, तसबिरी तिथेच राहतील, भिंत त्यांना शोभेल अशी करा. म्हणून मग त्या कोटाचाच गडद निळा रंग घेऊन भिंत केली, त्यावर हळदी रंगाचे मोठे मोठे चौकोन, आणि मधोमध त्या दोन तसबिरी. आजही आमच्याकडे येणाऱ्या कुणालाही आम्ही कोण हे विचारावं लागत नाही.

बाकीचं घरही मग त्याच वाटेने गेलं. पोपटी सोफा. बाल्कनीत काळ्यापांढऱ्या फरश्या. छताला कणगीएवढा वेताचा दिवा. पप्पा म्हणायचे, "आता मी घरात हरवलो तर मला शोधायचं कसं?" आई म्हणायची, पांढरा सदरा घालून बसा, दिसाल.

स्टेटमेंट पीस म्हणून आईने जेवणाचं टेबल सांगितलं. दहा माणसांचं.

आम्ही तिघं. आजवर जमिनीवर बसून जेवलेलो. पप्पांनी विचारलं, "दहा कशाला?" त्या संध्याकाळी कोथिंबीर निवडता निवडता आईने मला तिच्या गावची एक गोष्ट सांगितली. ती अशा गोष्टी फारशा सांगत नसे. तिची आई अंगण इतकं सुरेख सारवायची की गावातले लोक कामाला बोलवायला आले की बघत उभे राहायचे. बघायचे, म्हणायचे, हात चांगलाय गं बाई तुझा. पण उभे राहायचे ते अंगणाच्या कडेला. तिथूनच हाक मारायचे, तिथूनच परत जायचे. पाणी विचारलं तर तहान नाही म्हणायचे. "उन्हाळ्यात बी," आई म्हणाली. "माय म्हणायची, अजून चांगलं सारवते, मग येतील." आईने कोथिंबिरीची काडी मोडली आणि तो विषय तिथेच सोडला.

त्या टेबलाचा अर्थ मला तिथे कळला. आईला घर इतकं देखणं करायचं होतं की दाराशी आलेला माणूस आत यावा, बसावा, आणि जेवूनच उठावा. बाकी सगळी सजावट त्या जेवणासाठी होती.

समोरच्या फ्लॅटमध्ये आमच्याच सुमारास एक कुटुंब राहायला आलं होतं. ती कृष्णेच्या बाजूची, आंध्रातली. नवरा राज्य सरकारातच, पप्पांच्या नाही पण दुसऱ्या खात्यात. दोन मुलं. भिंतीचं काम चाललं होतं तेव्हा त्या घरातली बाई अनवाणी दारात येऊन उभी राहिली, तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "अब्बा!" म्हणजे, बाप रे. बस, तिथून दोघींचं जमलं. आईचं तेलुगू भाजीबाजारात शिकलेलं, तिचं हिंदी टीव्हीवर शिकलेलं, पण बोलणं काही थांबायचं नाही. ती आईला अक्का म्हणायची, मोठी बहीण. आई तिला चेल्ली म्हणायची, धाकटी. आईला सख्खी बहीण नव्हती.

पडद्यांचं कापड दोघींनी मिळून आणलं. सुलतान बाजारात तासन्‌तास हिंडून एक ठाण निवडलं, पंजाएवढी केशरी फुलं आणि काळी पानं, आणि दोघींनी अर्धं अर्धं वाटून घेतलं. दोन्ही दारं उघडी असली की जिन्यावरून जाणाऱ्याला एकच घर असल्यासारखं वाटायचं. टेबलावर बसवायच्या फरश्याही तिनेच निवडल्या. आईला लाल हव्या होत्या. ती म्हणाली, नाही अक्का, निळ्या-पिवळ्या घे, मधे एक मोठं आठ पाकळ्यांचं फूल येऊ दे, म्हणजे कुठल्याही खुर्चीवर बसलं तरी फूल आपल्याकडेच बघतंय असं वाटेल. आणि खरंच तसं वाटतं. डोळा होता तिला.

सुतार हॉलमध्येच कामाला बसले. टेबल तिथेच घडलं, आणि झाल्यावर लक्षात आलं की ते दारातून बाहेर निघणार नाही. मिस्त्री हसायला लागला. "अम्मा, इत्ता बड़ा कायकू? घर में लोगाँ तो तीनिच हैं." आई म्हणाली, "मेहमानाँ आते ना, भय्या."

पहिलं आमंत्रण अर्थातच समोरचीला. ते लोक शाकाहारी, म्हणून आईने नवी भांडी आणली आणि यात कधी मटण शिजलं नाही, शिजणारही नाही, हे तिला मुद्दाम दाखवून सांगितलं. वांग्याची भाजी, वरण, भाकरी, तिळाची चटणी. ती आली. टेबलावरून हात फिरवला, फुलाच्या प्रत्येक पाकळीवरून बोट नेलं, अगदी हरखून गेली. आईने खुर्ची ओढली. तेव्हा ती हसून म्हणाली, "ई रोजु उपवासं, अक्का." आज उपवास आहे. शनिवार होता. आई हळहळली, तिलाच चुटपुट लागली की आपण आधी विचारायला हवं होतं. मग फळं आणली. तिने एक केळं घेतलं, सोललं, खाल्लं.

पुढे सोमवार निघाला. मग गुरुवार. मग कसलं तरी व्रत, कुणाच्या तरी सुतकाचे दिवस, दाढदुखी, आत्ताच जेवले. पाणी ती स्वतःच्या बाटलीतलं प्यायची, नेहमी हातात असायची बाटली. बिस्किटांचा पुडा तिच्यासमोर फोडला तर घ्यायची. आईने बशीत काढून ठेवलेली असली तर नाही. आई डब्यातून काही पाठवायची, तो डबा घासूनपुसून परत यायचा, आणि कधी रिकामा यायचा नाही; त्यात केळी, सीताफळं, साखर. आईला त्याचंच फार कौतुक होतं.

मला पहिल्याच शनिवारी कळलं होतं. मी चार-सहा महिने ओठ दाबून बसले, तेवढंही माझ्याकडून फार झालं. आणि मग आईने साबुदाण्याची खिचडी केली.

आमच्या घरात उपवास नाहीत. आजीच्या पिढीने धम्म घेतला त्या दिवशी देवांबरोबर सोमवार-शनिवारही गेले, आणि ते गेल्याचा आम्हाला अभिमान आहे. आईने आयुष्यात साबुदाणा भिजवलेला नव्हता. शेजारच्या गल्लीतल्या एका मराठी मास्तरणीला विचारून आली, दाण्याचं कूट केलं, आणि समोरचीच्या उपवासाच्या दिवशी खिचडी घेऊन टेबल मांडलं. पप्पा ऑफिसातून आले, वास आला, आणि चप्पल न काढता तसेच उभे राहिले. पप्पा कधी आवाज चढवत नसत. "माझ्या मायनं सगळे उपास सोडले," ते म्हणाले, "आणि तू दुसरीचे धरायलीस?"

"मी कुठं धरायले?" आई म्हणाली. "तिला खाऊ घालायले."

खिचडीत मीठ होतं, आणि तिला उपवासाला मीठ चालत नाही असं निघालं. पुढच्या वेळी आईने साबुदाण्याची खीर केली. त्या दिवशी दूध चालत नव्हतं.

मग मात्र माझा बांध फुटला. मी म्हणाले, आई, मीठ नाही, दूध नाही, तुझा हात चालत नाही तिला. उपवास-बिपवास सगळं थोतांड आहे. हॉलमधल्या तसबिरी तिला दिसत नाहीत असं वाटतं का तुला? आई खिरीचं पातेलं झाकत होती. माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. "सगळ्यांच्या डोक्यात तेच नसतंय," ती म्हणाली. "तुझ्याच डोक्यात तेवढं भरलंय." मला ते इतकं लागलं की मी पुढे कितीतरी दिवस तिच्याशी तुटक बोलत होते.

आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नाही, पण दुसरा शब्द मला सुचत नाही. त्याच पावसाळ्यात आई डेंग्यूने आडवी झाली. मी क्लासवर, पप्पा ऑफिसात. समोरची सकाळपासून आमच्याकडे येऊन बसायची. कपाळावर ओल्या घड्या ठेवायची, तिच्या पायाला तेल लावायची. एकदा मी घरी आले तर ती गुडघ्यांवर बसून आईची ओकारी पुसत होती, आपल्या हातांनी, आणि पुसता पुसता रडत होती. ते चालत होतं तिला. आईचं आतून आलेलं चालत होतं, आईने रांधलेलं नाही. मी हे कोडं पुष्कळ वर्षं सोडवत बसले, गणिताची बाई असून, आणि सुटलं नाही. ती ढोंगी असती तर किती बरं झालं असतं. मी तिला मजेत शिव्या घातल्या असत्या. पण तिचा माझ्या आईवर जीव होता.

त्यातच आंध्र आणि आमचा हैदराबादकडचा भाग वेगळे होऊन राज्य फुटायची वेळ आली. आंदोलन तर वर्षानुवर्षं चालूच होतं, बंद, मोर्चे, क्लास बुडणं, त्याची आम्हाला सवय झाली होती. पण वाटणी खरीच होणार म्हटल्यावर आमच्या जिन्यातली माणसं बदलली. कोण इकडचा, कोण तिकडचा, हे लोक नव्याने आठवायला लागले. पप्पांना कुणीतरी विचारलं, तुम्ही कुणीकडचे हो? पप्पा म्हणाले, "हौ, आम्ही नेहमीसारखे मधले." पुढे कर्मचाऱ्यांच्या वाटणीत त्यांची शाळा इथली म्हणून ते इथले ठरले. समोरचीचा नवरा तिकडचा.

एकदा खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी जिन्यात तिला ऐकवलं, की आता तुमचं राज्य झालंय, सामान बांधा. आमचं दार उघडंच होतं. आई हातात उलथणं घेऊन बाहेर आली आणि त्या माणसाला तिने तेलुगू, मराठी, दखनी सगळ्या भाषांतून असा काही झोडपला की तो उरलेल्या पायऱ्या पळत उतरला. "ती कुठं बी जाणार नाही," आई ओरडत होती. "घर आहे तिचं!" समोरची आपल्या दारात केशरी पडद्याला धरून उभी होती. आईने उलथणं अजून उगारलेलंच होतं, आणि मला माहीत होतं की तिला तो जिना दिसत नव्हता, तिच्या गावचं अंगण दिसत होतं.

पण गेली ती. थोडे दिवस नवरा एकटाच आठवड्याला ये-जा करत होता, मग त्यांचं ऑफिस सगळंच विजयवाड्याकडे हललं, आणि शाळेचं वर्ष संपल्यावर त्यांनी सामान बांधायला घेतलं. गाडीत चढवायच्या वस्तू जिन्यात मांडल्या गेल्या. आई रोज मदतीला जायची. गॅस काढून दिला, भांडी खोक्यांत गेली, आणि निघायच्या आदल्या दिवशी आईने तिला विचारलं, "उद्या कोणता वार?" बुधवार. "बुधवारी कसला उपवास?" ती म्हणाली, बुधवारी कसलाच नाही. आई म्हणाली, "मग उद्या दुपारी तुम्ही चौघं आमच्याकडं." तिने मान हलवली. "सरे, अक्का." बरं.

मी आईला तितकं आनंदात पुन्हा कधी बघितलं नाही. त्या संध्याकाळी मला घेऊन सुलतान बाजारात गेली आणि मोठ्या निळ्या फुलांच्या दहा चिनी मातीच्या ताटल्या घेतल्या, टेबलाला जुळणाऱ्या. मी म्हणाले, आपण सातच होणार. ती म्हणाली, "राहू दे की, दहा खुर्च्या हैत." सकाळी उठून तिने पुरणपोळ्या केल्या, कटाची आमटी, भरली वांगी, भजी, भात. नव्या भांड्यांत. टेबलावर दहाही ताटल्या मांडल्या. पप्पांनी रजा काढली होती. मीही क्लास बुडवला, कारण मला वाटायला लागलं होतं की मीच चुकले, आणि चुकले असेन तर ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

दुपारी ती चौघं आली. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. टेबलापाशी येऊन तिने त्या उघडल्या आणि एकेक पाकीट बाहेर काढायला लागली. हॉटेलातलं पार्सल. भाताची पाकिटं, सांबाराच्या रबराने बांधलेल्या पिशव्या, पापड, आणि कागदी ताटल्या. "तुला एवढ्या कामात त्रास नको म्हणून, अक्का," ती म्हणाली. "सगळ्यांचं आणलंय. तुमचंपण." तिचा नवरा खाली बघत होता. तिच्या मुलीने हवेत वास घेतला आणि म्हणाली, आंटी, काय केलंय? तिने मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला खुर्चीत बसवलं.

आईने आपल्या ताटल्या एकावर एक उचलल्या. आवाज न करता. कागदी ताटल्या मांडल्या. कात्री आणून पिशव्यांची तोंडं कापली. आणि मग माझ्या आईने, त्या टेबलाभोवती फिरत, त्या लोकांना ते हॉटेलचं जेवण वाढलं. आणखी भात घ्या. सांबार घेता का. पोरीला पापड द्या. पलीकडे स्वयंपाकघरात पोळ्या कापडाखाली गरम होत्या, अख्ख्या घरात पुरणाचा वास होता, आणि कुणीही, एकानेही, त्या वासाबद्दल काही बोललं नाही. ती जेवली. पोटभर जेवली. त्या निळ्या फुलावर हात ठेवून म्हणाली, असं टेबल अख्ख्या हैदराबादेत नाही. मग उठली, आईच्या गळ्यात पडली आणि इतकी रडली की तिच्या नवऱ्याने तिला सोडवून नेलं. आईपण रडली. मी नाही रडले. मी उष्ट्या कागदी ताटल्या गोळा केल्या.

गाडी गेल्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पप्पाही मला थांबवत नव्हते. आई टेबल पुसत होती. फरश्यांच्या सांध्यात सांबार उतरलं होतं, ते ती नखाने काढत होती. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आपल्या टेबलावर बसून जेवली ना पण." मला वाटलं, ही माझी समजूत घालतेय. नंतर वाटलं, स्वतःची. आज वाटतं, ती तिच्या आईला सांगत होती.

त्या पोळ्या आम्ही तिघांनी गरम करून करून संपवल्या. आईने नव्या ताटल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या. समोरच्या दाराला कुलूप लागलं, केशरी पडदा गेला. आमचा होता, पण आई आता दार लावून घ्यायला लागली होती.

वर्षभराने तिकडून वास्तूचं बोलावणं आलं. त्यांनी विजयवाड्याला नवं घर बांधलं होतं. मी म्हणाले, जायचं नाही. आई म्हणाली, "बहीण म्हणली मी तिला." ती चांगली भडक साडी नेसली, मोरपंखी, चेल्लीसाठी तसलीच एक घेतली, आणि मी तिच्यासोबत गेले, कारण तिला एकटीला सोडणं माझ्या जिवावर आलं.

घर सुरेख होतं. भिंती निळ्या, हळदी चौकोन. खिडक्यांना आपला तोच केशरी पडदा. तसबिरींच्या जागी बुद्धाचं मोठं सोनेरी मस्तक, त्यावरून पाणी झिरपत होतं. आणि जेवणघरात तेच टेबल. दहा खुर्च्यांचं. तेच आठ पाकळ्यांचं निळं-पिवळं फूल. ती आईचा हात धरून तिला तिथे घेऊन गेली, म्हणाली, बघ अक्का, तुझ्यासारखंच करून घेतलं, मला दुसरं काही सुचेचना. तिचे नातेवाईक बसून जेवत होते. तिने त्यांच्यामध्ये दोन खुर्च्या ओढल्या, एक आईची, एक माझी. केळीची पानं मांडली. पुलिहोरा म्हणजे चिंचेचा भात, पप्पू म्हणजे वरण, आणि भरली वांगी, आईला आवडतात तशी, मुद्दाम स्वतः केलेली. वाढण्यासाठी हातात डाव घेऊन ती आईकडे बघून हसली.

आई खुर्चीवर बसली. फुलावरून हात फिरवला, एका पाकळीवरून दुसरीवर, सावकाश.

"ई रोजु उपवासं, चेल्ली," आई म्हणाली.

आमच्या घरात उपवास नसतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? आईने स्वतःच तिला शंभरदा सांगितलं होतं. तिच्या हातातला डाव तसाच राहिला. तिने आईकडे बघितलं, आणि आईने तिच्याकडे, आणि आईच्या तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं. कसला उपवास, असं तिने विचारलं नाही. आत गेली, बराच वेळ आली नाही. मग एका ताटलीत केळी घेऊन आली. तिचे डोळे लाल होते. आईने एक केळं घेतलं, सोललं आणि खाल्लं.

मला म्हणाली, "तू जेव. तुझा नाही." मी जेवले. आईपुढे माझं काही चालत नाही. वांगी अप्रतिम झाली होती, याचा मला आजही राग येतो.

परतीच्या बसमध्ये मी आतून अगदी उसळत होते. मला वाटत होतं, जिंकलो. शेवटी हिने उट्टं काढलं. वाटेत बस हॉटेलपाशी थांबली. मी म्हणाले, चल, डोसा खाऊ, सकाळपासून एका केळ्यावर आहेस. आई म्हणाली, नको. मी खाली उतरले, चहा आणि इडल्या घेऊन आले. तिने चहाही घेतला नाही.

"अगं आता कोण बघतंय?" मी म्हणाले.

"उपवास हाय म्हणून सांगितलं तिला," आई म्हणाली. "खोटं कशाला पाडू?"

बस सुटली. इडल्या माझ्या मांडीवर तशाच राहिल्या. आई खिडकीकडे तोंड करून बसली होती, मोरपंखी पदर दोन्ही हातांत धरून. बराच रस्ता मागे पडल्यावर तिने मला विचारलं, "वांग्यात मीठ बरोबर होतं का गं?"

मी म्हणाले, हो, बरोबर होतं. अगदी तू करतेस तसं होतं.

आणि मग ती रडायला लागली.